कांद्याच्या गावातला नवा बटाटा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

विंचूर म्हटलं की इतिहासाची आवड असणाऱ्याला विठ्ठल शिवदेव विंचूरकर आठवतात, 1761 च्या पानिपतातून जिवंत परतलेले सरदार. बाकी सगळ्यांना कांदा आठवतो. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार आमच्या गावात आहे आणि हंगामात कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली की रस्ता ओलांडायला माणसाला थांबावं लागतं. 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर औद्योगिक महामंडळाचं वाइन पार्कही इथे झालं, त्यामुळे हल्ली विंचूरची तिसरीही ओळख सांगतात. मला आज ज्याबद्दल बोलायचं आहे ते पीक या तिन्हींत कुठेच बसत नाही. ते आमच्या गावातून बाजारात कधी गेलं नाही, त्याची पट्टी कधी फाटली नाही. घरचा नवा बटाटा.

नवा बटाटा म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. बाजारात जानेवारी-फेब्रुवारीत नव्या हंगामाची आवक झाली की व्यापारी त्याला नवा बटाटा म्हणतात. मी म्हणतोय तो त्याहून कोवळा. झाड अजून हिरवं आहे, पानं पिवळी पडलेली नाहीत, अशा वेळी मातीत हात घालून काढलेला. त्याची साल इतकी पातळ असते की ओल्या गोणपाटाने चोळली तरी सुटते. याच कारणाने तो विकता येत नाही. पोत्यात भरला की साल सोलवटते, जखमा काळ्या पडतात आणि चार दिवसांत सुरकुततो. ज्याने लावला त्यानेच खायचा.

आमच्या घरी तो आजी लावायची. विहिरीच्या अंगाला, जिथे काळ्या रानात थोडी मुरमाड माती मिसळली होती, तिथे चार सऱ्या तिच्या. बाकी रान कांद्याचं, आणि त्याचा हिशोब आजोबांचा, पुढे वडिलांचा. या चार सऱ्यांचा हिशोब कुणी विचारत नसे. दिवाळी झाली की ती बियाण्याचे बटाटे विळीवर कापायला बसायची. प्रत्येक फोडीला निदान दोन डोळे हवेत आणि फोड अंड्याच्या निम्म्याहून लहान नको, हे तिचं माप. कापलेल्या बाजूला चुलीतली राख चोळायची, एक दिवस सावलीत सुकू द्यायचं आणि मग वाफशावर लावायचं. झाड वीतभर झालं की मातीची भर. भर कमी पडली आणि बटाटा उघड्यावर आला की तो हिरवा पडतो, कडवट होतो. असा बटाटा तिने गुरांनाही घातला नाही. हिरवेपणाबरोबर त्यात सोलानिन नावाचं विषारी द्रव्य वाढतं, हे मला फार पुढे पुस्तकात वाचायला मिळालं.

आमच्याकडे हे पीक साधतं याचं कारण थंडी. मातीखाली बटाटा धरायला रात्री गार लागतात. रात्रीचं तापमान पंधरा ते वीस अंशांच्या दरम्यान असलं तर उत्तम, त्यावर गेलं की पाला माजतो आणि खाली काही धरत नाही. निफाड तालुक्याच्या थंडीबद्दल वेगळं सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा पाच अंशांखाली गेल्याची बातमी दर एक-दोन वर्षांनी छापून येते आणि द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात. ज्या गारठ्याने द्राक्षमणी तडकतात, त्याच गारठ्यात बटाटा मजेत असतो. दव गोठायला लागलं तर मात्र त्याचीही पानं करपतात.

दिवाळीनंतर लावलेल्या बटाट्याला पासष्ट-सत्तर दिवस झाले की संक्रांत येते. भोगीच्या आदल्या संध्याकाळी आजी आम्हा पोरांना सरीवर न्यायची. कुदळ नाही, खुरपंही नाही. वरंब्याची एक बाजू हाताने उकरायची, बोटांनी चाचपत आत जायचं आणि सुपारीहून मोठा, लिंबाहून लहान असा लागला की तेवढाच अलगद तोडून घ्यायचा. मग माती परत सारून दाबायची. "झाड जितं ऱ्हाऊ दे, बाळा. त्याला अजून पोरं व्हायचीत," ती म्हणायची. कांद्याच्या बाजारात बारक्या कांद्याला गोल्टी म्हणतात. आजी या बटाट्यांनाही गोल्टीच म्हणे.

आता हा पाहुणा आमच्या वरंब्यात आला कसा?

शब्दापासून सुरुवात करू. 'बटाटा' आपण पोर्तुगिजांकडून घेतला आणि त्यांच्याकडे तो आला कॅरिबियन बेटांवरच्या तायनो लोकांच्या भाषेतून. गंमत म्हणजे तायनोंचा 'बटाटा' म्हणजे रताळं. खरा बटाटा अँडीज पर्वतातला, आणि तिथले केचुआ भाषा बोलणारे लोक त्याला 'पापा' म्हणतात. युरोपात दोघांची गल्लत झाली आणि ती बोटीत बसून आपल्या किनाऱ्याला लागली. आपल्याकडे रताळ्याला स्वतःचं नाव मिळालं, म्हणून बटाटा हे नाव दुसऱ्या कंदाला मोकळं राहिलं. उत्तरेत त्याला आलू म्हणतात, पण संस्कृतातला 'आलु' त्याच्याही आधीचा, वेगळ्याच कंदांचा. त्यामुळे सतराव्या शतकातल्या एखाद्या प्रवाशाच्या लिखाणात 'पोटॅटो' सापडला म्हणून हुरळून जाऊ नये. सर थॉमस रो यांच्यासोबत असलेला पाद्री एडवर्ड टेरी हा असफखानाच्या मेजवानीतल्या अशाच पदार्थाची तारीफ करतो, पण ती रताळी असावीत असंच बरेच अभ्यासक मानतात.

किनाऱ्यावर आलेला बटाटा घाटावरच्या शेतकऱ्याच्या ताटात पोचायला खूप उशीर लागला. विठ्ठल शिवदेवांच्या काळात विंचूरच्या रयतेचं खाणं ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर यांचंच. बटाटा घाटावर रुजला तो एकोणिसाव्या शतकात, साहेबाच्या जेवणाच्या टेबलाबरोबर. 1828 नंतर महाबळेश्वर थंड हवेचं ठिकाण म्हणून वसलं आणि तिथे ठेवलेल्या चिनी कैद्यांच्या हातच्या मळ्यांतून साहेबांना भाजीपाला आणि बटाटा मिळू लागला. पुणे जिल्ह्यात खेड, जुन्नर भागात त्याची शेती वाढली. 1863 मध्ये बोर घाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबईची मंडई हाताच्या अंतरावर आली. आजही आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार पावसाळी बटाट्यासाठी ओळखलं जातं.

म्हणजे पश्चिम महाराष्ट्रात बटाटा आला तोच विकण्यासाठी. तो शहरासाठी पिकवला गेला, गाडीने गेला, भाव पाहून लावला गेला. नगदी पीक. आमच्या नाशिककडे तीच भूमिका कांद्याने आणि पुढे द्राक्षाने घेतली, त्यामुळे बटाटा मागे राहिला आणि बायकांच्या हाती लागला. मला यात आमचं नशीब दिसतं. खेडच्या शेतकऱ्याला झाड हिरवं असताना बटाटा उकरणं परवडत नाही. आणखी महिनाभर थांबलं तर वजन कितीतरी वाढतं, साल पक्की होते. आजीला वजनाशी देणंघेणं नव्हतं.

एक गोष्ट मला लहानपणापासून खटकायची. ज्या कांद्यावर आमचं घर चाललं तो चातुर्मासात घरात शिजत नसे. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करायची, त्या दिवशी भजी, थालीपीठ, झुणका असा कांद्याचा यथेच्छ समाचार घ्यायचा आणि मग चार महिने नाव नाही. बटाटा मात्र बारा महिने चालतो, एकादशीलासुद्धा. परदेशी बटाटा सोवळा आणि दारचा कांदा ओवळा, हा काय न्याय? मी आजीला विचारलं तर ती म्हणाली, बटाटा ऋषींचं खाणं आहे, कंदमूळ. ऋषींना अँडीज ठाऊक नव्हता हे तिला कोण सांगणार? पण तिच्या बोलण्यात तथ्य होतं. शास्त्रांनी कांदा-लसूण ओळखून वर्ज्य केले. बटाटा त्यांनी पाहिलाच नव्हता, तेव्हा वर्ज्य कसा करणार? तो कंदमुळांच्या रांगेत गुपचूप जाऊन बसला. त्याच्या शेजारी साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, मिरची, रताळं, राजगिरा हे सगळे अमेरिकेचेच पाहुणे येऊन बसले. आपल्या उपवासाच्या ताटात वरीचे तांदूळ आणि दही-तूप तेवढं जुनं. आमच्या भागात कांद्याचा व्यापार करणारी जैन घरं आहेत. त्यांच्यातल्या कडक नेमाच्या घरात कांदा आणि बटाटा दोन्ही चालत नाहीत, कारण कंद उपटताना जीव जातात. विचार केला तर त्यांचा नियम अधिक सुसंगत म्हणायला हवा.

पण बटाट्याची खरी गोष्ट ताटात नाही, बियाण्यात आहे.

बटाटा बीपासून लावत नाहीत, बटाट्यापासूनच लावतात. त्यामुळे झाडाला जे दुखणं असेल ते पुढच्या पिढीला वारशाने मिळतं. मावा नावाची बारीक कीड रस शोषते आणि विषाणू या झाडाचे त्या झाडात नेते. मैदानी उष्ण भागात दोन-चार वर्षं घरचंच बियाणं लावलं की पानं गुंडाळू लागतात आणि खालचे बटाटे बोरांएवढे राहतात. शिवाय आमच्याकडे माघात काढलेलं बियाणं कार्तिकापर्यंत जगवायचं, मधला उन्हाळा चाळीस अंशांचा. पुणे जिल्ह्यात त्यासाठी झाडाच्या सावलीत आरण घालत, म्हणजे पाल्याखाली झाकलेला ढीग. तरी ताजं बियाणं बाहेरून आणावंच लागे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यात ते कुठून येई, ऐकून नवल वाटेल: इटलीहून, बोटीने. आणि त्याच इटालियन बियाण्याबरोबर बटाट्यावरचा पतंग आला. त्याची अळी डोळ्यातून आत शिरते आणि साठवलेला ढीगच्या ढीग पोखरते. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हेरॉल्ड मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1920 च्या सुमारास पश्चिम भारतातल्या बटाट्याच्या शेतीवर सरकारी पुस्तिका काढली. पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास करणारे मान ते हेच. दुसऱ्या महायुद्धात इटलीची वाट बंद झाली. 1949 मध्ये पाटण्याला केंद्रीय बटाटा संशोधन संस्था स्थापन झाली, पुढे ती सिमल्याला गेली. तिथल्या कुफरी गावावरून नाव पडलेल्या 'कुफरी ज्योती', 'कुफरी चंद्रमुखी' या जाती 1968 मध्ये आल्या. आज महाराष्ट्रात लावलं जाणारं बरंचसं बियाणं पंजाबातून येतं.

बियाणं एकसारखं असलं की काय होतं याचा जगातला सगळ्यात भयंकर दाखला आयर्लंडचा. तिथली गरीब जनता जवळजवळ एकाच जातीच्या बटाट्यावर जगत होती. 1845 मध्ये करपा आला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. त्या करप्यावर उतारा सापडला तो फ्रान्समधल्या द्राक्षबागेत: मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण, 1885 सालचं. द्राक्षावरचा डाऊनी आणि बटाट्यावरचा करपा हे एकाच गोत्रातले रोग. आमच्या निफाडच्या द्राक्षवाल्याला बोर्डो शिकवायला नको. शेजारच्या बागेत फवारणी असली की पंपात उरलेलं पाणी आजी आपल्या चार सऱ्यांवर मारून घ्यायची. बोर्डोच्या शोधाची कथा तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण दोन पिकांना एकच औषध लागू पडतं हे तिने आपलं आपण ताडलं होतं.

मी सातवीत होतो त्या वर्षी लाल कांद्याचा भाव मातीला मिळाला. वडील पट्टी घेऊन आले. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता जे उरलं होतं त्यात लागणीच्या बायकांची मजुरीही भागत नव्हती. किराणा दुकानाची उधारी थकली होती. त्या वर्षी भोगीनंतर सरीतली माती परत सारली गेली नाही. रोज संध्याकाळी आजी एक-दोन झाडं मुळासकट उपटायची. भाकरी आणि बटाटा, बटाटा आणि भाकरी. आम्हा पोरांना ती चैनच वाटत होती. शेवटची सरी बियाण्याची म्हणून राखलेली असायची. तिला कुणी हात लावायचा नाही, हा घरातला कायदा. होळीच्या आधी एके दिवशी आजीने तीही उकरली. त्या दिवशी ती जेवली नाही. "बी खाल्लं रं आपुन," एवढंच आईला म्हणाली.

पुढच्या दिवाळीला वडिलांनी एका व्यापाऱ्याकडून बियाणं आणलं. निम्मं आतून काळं निघालं, उरलेल्याला पाला आला आणि बटाटे आले नाहीत. त्यानंतर आजीने सऱ्या घातल्या नाहीत. त्या जागी कांद्याचं रोप टाकू लागले.

इतिहास शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे या गोष्टीचं मी मनात एक मोठं प्रकरण करून ठेवलं होतं: घरचं वाण, पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं, एका पडलेल्या भावाने संपवलं. बियाण्याविषयी वर सांगितलं ते सगळं वाचलं तेव्हा माझ्याच प्रकरणाबद्दल मला शंका येऊ लागली. विंचूरच्या उन्हात पिढ्यान्‌पिढ्या एकच बटाटा टिकेल कसा? शेवटी आत्याला विचारलं. आता तिचं वय ऐंशीच्या पुढे. ती हसायलाच लागली. म्हणाली, "अरे, तिसऱ्या वर्षी पाल्याला गुंडी पडायला लागली की आई बाजारात जायची. खेडकडचा माल घेऊन एक भाजीवाली बसायची, तिच्याकडनं पायलीभर गोल्टी आणायची आणि आपल्यात मिसळून द्यायची. तुझ्या आजोबांना सांगायची, घरचंच बी आहे. विकत आणलं म्हटलं असतं तर सऱ्याच बंद केल्या असत्या."

म्हणजे घरचं वाण वगैरे काही नव्हतं. होती ती एक बाई, जिने पुस्तक न वाचता तिसऱ्या वर्षी बियाणं बदलायचं असतं हे ओळखलं, आणि घरातल्या पुरुषांना त्याचा पत्ता लागू दिला नाही. मला हा इतिहास आधीच्यापेक्षा जास्त आवडला. तरी ती त्या दिवशी जेवली नव्हती, हेही खरंच. दुसऱ्या वर्षी विकत बियाणं आणणं तिच्या हातात राहिलं नव्हतं, तो व्यवहार वडिलांकडे गेला होता. जे गेलं ते वाण नव्हे, बाजारात जाऊन आपल्या पैशाने पायलीभर गोल्टी आणण्याची सोय.

निवृत्तीनंतर मी दोन सऱ्या घालतो. बियाणं प्रमाणित, पंजाबचं, रीतसर पावतीसह. भोगीच्या आदल्या दिवशी आत्याला खुर्ची टाकून वरंब्याशी बसवतो आणि मी उकरतो.

मग स्वयंपाक. नव्या बटाट्यात पिष्ट कमी आणि पाणी जास्त, म्हणून तो शिजल्यावर फुटत नाही, पीठ होत नाही. वड्याला, पराठ्याला तो उपयोगाचा नाही. त्यासाठी जुनाच घ्यावा. शीतगृहातला मात्र जपून, कारण फार थंडीत पिष्टाची साखर होते आणि तो तळताना काळपट पडतो. नवा बटाटा अख्खाच शिजवायचा. जाड मीठ टाकून गोणपाटावर घोळला की साल आपोआप निघते. जी राहील ती राहू द्यावी. आमच्याकडचा पदार्थ म्हणजे पातीतला बटाटा. त्याच सुमाराला उन्हाळ कांद्याची लागण चाललेली असते आणि पात हवी तेवढी मिळते. लोखंडी तव्यात तेल, जिरं, ठेचलेला लसूण, त्यावर अख्खे गोल्टी बटाटे, झाकण आणि झाकणावर पाणी. तव्यात पाणी टाकायचं नाही. मंद विस्तवावर ते बाहेरून खरपूस होतात, आतून लोण्यासारखे. मग काळा मसाला, मीठ, आणि अगदी शेवटी मूठभर पात. पात टाकल्यावर तवा उतरवायचा, नाहीतर तिचा रंग जातो. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. भोगीच्या मिसळीच्या भाजीत वांगं, गाजर, पावटा, हरभरा यांच्याबरोबर चार नवे बटाटे पडतातच. एकादशी आली तर पात आणि लसूण वगळून तूप, जिरं, हिरवी मिरची, दाण्याचं कूट. आणि सगळ्यात सोपं म्हणजे फुफाट्यात पुरायचे, अर्ध्या तासाने काढून फुंकर मारायची, वर मीठ. हे शेवटचं गॅसवर जमत नाही. मी प्रयत्न केला आहे.

गेल्या भोगीला दोन पाट्या निघाल्या. आत्या खुर्चीवर बसून निवडत होती. दुखावलेले आजच्या भाजीला, चांगले उद्यासाठी. निवडता निवडता एकसारखे, ठसठशीत डोळ्यांचे पंधरा-वीस बटाटे तिने पदरात वेगळे घेतले. मी विचारलं, हे कशाला? "बियाला," ती म्हणाली. कोवळा बटाटा बियाण्याला चालत नाही. त्याची साल कच्ची असते, उन्हाळा निघत नाही, आणि आता ताजं बियाणं पावतीसह दारात येतं. हे सगळं मला माहीत आहे. बहुधा तिलाही. तिने घाणेरीचा पाला मागितला, पतंग लागू नये म्हणून पूर्वी तो पसरत. मी बांधावरून आणून दिला आणि टोपली पलंगाखाली अंधारात सरकवली.